शाळेसाठी संगणक जुळविताना : सुट्या भागांची निवड



गावाने वर्गणी जमवून शाळेस संगणक देण्याचे ठरविले, की त्या आनंदाच्या पाठोपाठ मुख्याध्यापकांपुढे एक अवघड काम उभे राहते. जमलेली रक्कम थोडी असते, अपेक्षा मोठी असते, आणि तालुक्याच्या दुकानातून आलेल्या दरपत्रकातील निम्मे शब्द अनोळखी असतात. अशा वेळी आपण जे शब्द ओळखीचे वाटतात त्यांवर बोट ठेवतो, प्रोसेसर कोणता आहे एवढेच विचारतो, आणि उरलेला कागद दुकानदाराच्या हवाली करतो. प्रस्तुत लेखात या उरलेल्या कागदाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम स्वतःची चूक सांगितलेली बरी. काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो, तेथे आम्ही लोकवर्गणीतून एक संगणक जुळवून घेतला होता. प्रोसेसर चांगल्यापैकी होता आणि त्याचे नाव मी ग्रामसभेत मोठ्या अभिमानाने वाचून दाखविले होते. पॉवर सप्लाय मात्र कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ आलेला होता. यूपीएस पुढच्या वर्षी घेऊ, असे ठरले होते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात वळवाच्या पावसाची संध्याकाळ होती. वीज गेली, आली, पुन्हा गेली. आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा कॅबिनेटमधून बारीकसा आवाज होऊन जळका वास सुटला. पॉवर सप्लाय जळाला, त्याने जाताना मदरबोर्ड नेला आणि हार्ड डिस्कही नेली. त्या डिस्कवर दोन वर्गांच्या संकलित मूल्यमापनाच्या नोंदी होत्या व त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. १ मे रोजी निकाल लावावयाचा होता. आम्ही तिघा शिक्षकांनी पाच रात्री जागून उत्तरपत्रिकांवरून सर्व नोंदी पुन्हा केल्या. ते काम झाले. परंतु वर्गणीच्या यादीत ज्यांनी रोजंदारीतून वीस-वीस रुपये दिले होते, त्यांच्यासमोर उभे राहून काय झाले ते सांगणे त्याहून कठीण गेले. अभिमानाने वाचलेला तो प्रोसेसर मात्र शाबूत होता. त्यास बसवावयाला बोर्ड उरला नव्हता.

त्या प्रसंगानंतर मी सुट्या भागांची निवड करताना प्रत्येक भागाविषयी दोन प्रश्न विचारू लागलो. हा भाग बिघडला तर आपल्याबरोबर आणखी काय घेऊन जाईल? आणि, हा भाग हलका घेतला तर वर्गातील मुलांना रोज किती वेळ ताटकळत बसावे लागेल? ज्या भागांच्या बाबतीत या प्रश्नांचे उत्तर गंभीर येते, तेथे पैसा आधी जावा; इतर ठिकाणी खुशाल काटकसर करावी. जाहिरातीत ज्याचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, तो भाग बहुधा या कसोटीस उतरत नाही.

सुटे भाग आणून संगणक जुळविता येतो तो कसा, हेही थोडक्यात पाहिले पाहिजे. आयबीएम कंपनीने १९८१ साली जो वैयक्तिक संगणक काढला, त्याची रचना तिने गुप्त ठेवली नाही. त्यामुळे इतर कारखानदारांना त्यात बसतील असे भाग करता आले. पुढे १९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स नावाचे माप ठरवून दिले. मदरबोर्डाची भोके कोठे असावीत, पॉवर सप्लायचा आकार काय असावा, त्याच्या तारांची टोके कशी असावीत, हे त्यात निश्चित झाले. त्याच मापाच्या परंपरेत आजचे कॅबिनेट, बोर्ड आणि पॉवर सप्लाय तयार होतात. म्हणूनच एका कंपनीचा डबा, दुसरीचा बोर्ड आणि तिसरीचा प्रोसेसर एकत्र नांदू शकतात, आणि एखादा भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. लॅपटॉपमध्ये ही सोय फार थोडी असते. अर्थात लॅपटॉपास स्वतःची बॅटरी असते व ज्या गावी वीज दिवसातून चार-चार तास नसते, तेथे तोच अधिक उपयोगी पडेल, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुढील विवेचन ज्यांच्या शाळेत वीज बऱ्यापैकी टिकते त्यांच्यासाठी आहे.

दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी एका कागदावर संगणकाकडून कोणते काम घ्यावयाचे ते लिहून काढावे. प्राथमिक शाळेत हे काम साधारणतः ठरलेले असते : यू-डायस व सरल यांच्या माहितीची भरणी, मराठी टंकलेखन, प्रश्नपत्रिका व पत्रके छापणे, प्रोजेक्टरवर चित्रफिती दाखविणे, दीक्षा मंचावरील पाठ, जिओजेब्रासारखी गणिताची साधने, आणि मुलांना स्क्रॅचवर छोटे कार्यक्रम रचावयास शिकविणे. यांपैकी एकाही कामास स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ‘मुलांना चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून कार्ड घ्या’ असे कोणी सांगितले, तर तो सल्ला नम्रपणे बाजूस ठेवावा. चित्रफीत दाखविण्याचे काम प्रोसेसरमध्ये अंतर्भूत असलेले ग्राफिक्स उत्तम करते.

आता विजेकडे वळू, कारण खेड्यातील शाळेत संगणकाचे आयुष्य प्रथम तेथेच ठरते.

पॉवर सप्लाय, ज्यास बाजारात एसएमपीएस म्हणतात, तो भिंतीतील २३० व्होल्टच्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो. संगणकातील प्रत्येक भाग त्याच्याच हातचे खातो. चांगल्या पॉवर सप्लायमध्ये दाब मर्यादेबाहेर गेला किंवा तारा एकमेकींस चिकटल्या, तर पुरवठा आपोआप तोडणारी संरक्षक योजना असते. हलक्या पॉवर सप्लायमध्ये नेमकी हीच योजना गाळून किंमत उतरविलेली असते. तो मरताना एकटा मरत नाही, याचे कारण हेच.

त्याची पारख करण्यास फार मोठे ज्ञान लागत नाही, गुणाकार पुरतो. आमच्या त्या फुकट आलेल्या डब्यावर ‘४५० वॅट’ असे ठळक छापलेले होते. जळाल्यानंतर मी त्याच्या बाजूवरचे बारीक कोष्टक प्रथमच वाचले. १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर लिहिले होते. बारा चोक चौदा असे कोणी म्हणणार नाही, पण ४५० चा आकडा मात्र आम्ही न तपासता मान्य केला होता! १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. आजच्या संगणकात प्रोसेसरची जवळजवळ सर्व वीज १२ व्होल्टच्या वाटेने येते. म्हणून खरी ताकद त्या रकान्यावरूनच मोजावी. ज्या पॉवर सप्लायच्या १२ व्होल्टच्या रकान्यातील गुणाकार मुखपृष्ठावरील आकड्याच्या जवळपास येतो, तो विश्वसनीय समजावा. कोष्टकच नसेल, तर डबा परत ठेवावा.

‘८० प्लस’ अशी खूण पुष्कळ पॉवर सप्लायवर असते. २००४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत ठराविक भारांवर किमान ८० टक्के वीज कामी येते की नाही, हे तपासले जाते. ही खूण काटकसरीची आहे, सुरक्षिततेची नव्हे. तथापि जो कारखानदार ही तपासणी करवून घेतो, तो निदान आतला माल अगदीच कचरा घालीत नाही, एवढा अर्थ त्यातून काढता येतो. आपण येथे ज्या प्रकारच्या संगणकाचा विचार करीत आहोत, तो पूर्ण जोरात चालतानाही १०० ते १२० वॅटच्या आसपासच वीज घेतो. यास्तव नामांकित कंपनीचा ४०० किंवा ४५० वॅटचा, अशी खूण असलेला पॉवर सप्लाय पुरेसा होतो. याहून मोठा घेण्यात पैसा वाया जातो. याहून हलका घेण्यात काय जाते ते वर सांगितलेच आहे.

पॉवर सप्लायबरोबरच यूपीएस घ्यावा. तो पुढच्या वर्षी घेऊ नये. यूपीएसवरील ६०० हा आकडा व्होल्ट-अँपिअरचा असतो, वॅटचा नव्हे. अशा यूपीएसची वॅटमधील ताकद बहुधा ३६० च्या सुमारास असते. संगणक व मॉनिटर मिळून १०० वॅट घेत असतील, तर नवी बॅटरी असताना पंधरा-वीस मिनिटे मिळतात. काम जतन करून संगणक रीतसर बंद करण्यास एवढा वेळ पुष्कळ झाला. दोन-तीन वर्षांनी ही बॅटरी थकते व बदलावी लागते, याची तरतूद आधीच ध्यानात ठेवावी. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कदापि जोडू नये. शाई कागदावर पक्की करण्यासाठी तो आतला रूळ तापवितो आणि त्या क्षणी कित्येकशे वॅट ओढतो. आपल्या अनेक कार्यालयांतून यूपीएस वर्षभरातच निकामी होतात, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

अर्थिंगचा मुद्दा सुट्या भागांच्या यादीत येत नाही, परंतु त्यावाचून यादी पुरी होत नाही. अनवाणी मुलाने कॅबिनेटच्या पत्र्यास हात लावला आणि त्याला झिणझिण्या आल्या, असा अनुभव अनेकांना असेल. पॉवर सप्लायच्या तोंडाशी विजेतील गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात व त्यांचा मधला सांधा कॅबिनेटच्या पत्र्यास जोडलेला असतो. अर्थिंग असेल तर तेथून झिरपणारी अत्यल्प वीज जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर मूळ दाबाच्या जवळजवळ निम्मा दाब उभा राहतो. विद्युतप्रवाह अगदी थोडा असल्याने केवळ झिणझिण्या येतात. पण ती सूचना समजली पाहिजे. उद्या आतील एखादी तार सुटून पत्र्यास लागली, तर थोड्यावर निभावणार नाही. म्हणून तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या भोकात बसविण्यासाठी पिन मोडण्याचा जो प्रघात आहे, तो शाळेत तरी कोणी करू नये. अर्थिंग वायरमनकडून दिवा लावून तपासून घ्यावे, स्वतः प्रयोग करू नयेत. आणि कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालण्याचे काम शाळेच्या नित्याच्या कामांत नोंदवून ठेवावे.

यानंतर पैसा जावा तो साठवणीच्या साधनाकडे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते व एक सुई तिच्यावरून माहिती वाचते. तबकडी मिनिटास ७२०० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्यास सेकंदाचा १२० वा भाग लागतो. म्हणजे हवी ती जागा सुईखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, सेकंदाचा २४० वा भाग. सुई सरकण्याचा वेळ त्यात मिळविला, की एकेका शोधास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग जातो. हे ऐकावयास अल्प वाटते. परंतु संगणक सुरू होताना असे हजारो शोध घ्यावे लागतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते व एक शोध सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागात पुरा होतो. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतील चार मिनिटे संगणक सुरू होण्याची वाट पाहण्यात गेली, तर वर्ग हातातून सुटतो, हे मी आपणांस सांगावयास नको. सर्व भागांत मुलांना प्रत्यक्ष जाणवणारा फरक कोणता, असे विचाराल तर तो हार्ड डिस्क सोडून एसएसडी घेण्याचा होय. महाग प्रोसेसर व हार्ड डिस्क यांच्या जोडीपेक्षा साधा प्रोसेसर व एसएसडी यांची जोडी शाळेच्या कामात कितीतरी चपळ ठरते.

एसएसडी दोन प्रकारांत मिळतो. एक सपाट पेटीसारखा, साटाच्या तारेने जोडावयाचा. तो सेकंदास सुमारे ५५० मेगाबाइटपर्यंत वाचतो. दुसरा च्युइंगगमच्या पट्टीसारखा, मदरबोर्डावरील एम.२ या खाचेत बसणारा. त्यातील एनव्हीएमई जातीचा एसएसडी कित्येक पटींनी वेगवान असतो. त्यावर २२८० असा आकडा दिसला तर गोंधळू नये, २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब एवढाच त्याचा अर्थ. शाळेच्या कामात या दोहोंतील भेद क्वचितच जाणवेल. जो स्वस्त व नामांकित असेल तो घ्यावा. २५० जीबीच्या सुमाराची साठवण भागते, ५०० जीबी मिळाल्यास उत्तम. एसएसडी टिकाऊ आहे म्हणून दुसरी प्रत नको, असे मात्र मुळीच समजू नये. तो बिघडतो तेव्हा हार्ड डिस्कसारखी खरखर करून आगाऊ सूचना देत नाही. निकालाच्या नोंदींची एक प्रत पेनड्राइव्हवर काढावी, व तो पेनड्राइव्ह शाळेच्या कपाटात न ठेवता मुख्याध्यापकांच्या घरी असावा.

प्रोसेसरचा विषय मुद्दाम उशिरा घेतला आहे. दुकानात ‘आय ३’, ‘आय ५’, ‘आय ७’ ही नावे इयत्तांसारखी उच्चारली जातात आणि सातवी इयत्ता तिसरीहून वरची, असे आपण गृहीत धरतो. वास्तविक महत्त्व त्यापुढील आकड्यास आहे. आय ७-४७७० या प्रोसेसरमधील पहिला ४ चौथी पिढी दाखवितो, ती २०१३ सालची. आय ३-१२१०० यातील १२ म्हणजे बारावी पिढी, २०२२ सालची. शाळेच्या सर्व कामांत हा आय ३ त्या आय ७ हून सरस ठरतो आणि वीजही कमी घेतो. कार्यालयांतून मोडीत निघालेले संगणक ‘आय ७ आहे’ एवढेच सांगून विकले जातात, तेव्हा पूर्ण आकडा विचारावा. विक्रेता तो सांगण्यास टाळाटाळ करू लागला, तर उत्तर मिळाले असे समजावे.

आणखी एक अडचण शेवटच्या अक्षरात लपलेली असते. इंटेलच्या १२१०० या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स अंतर्भूत आहे. १२१००एफ यात ते नाही. एएमडी कंपनीच्या बाबतीत प्रकार उलटा आहे : २०२१ सालच्या रायझन ५ ५६००जी यात ग्राफिक्स आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. एका कंपनीत अक्षर आल्याने वस्तू कमी होते, दुसरीत अक्षर आल्याने वाढते! ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर हजारभर रुपयांनी स्वस्त दिसतो म्हणून घेतला, तर मॉनिटरवर काहीच उमटणार नाही आणि मग नको असलेले कार्ड घेणे भाग पडेल. चार गाभ्यांचा, अंतर्भूत ग्राफिक्स असलेला, गेल्या काही वर्षांतील प्रोसेसर शाळेस पुरेसा आहे. तो खोक्यासह घ्यावा. त्यात थंड ठेवणारा पंखा असतो व कंपनीची हमी मिळते. सुट्या ट्रेमधील नगाबरोबर पंखा नसतो आणि त्याची हमी कोणाची, हा प्रश्न पुढे वादाचा होतो.

प्रोसेसर ठरला की मदरबोर्ड जवळजवळ आपोआप ठरतो, कारण बैठक जुळली पाहिजे. वरील १२१०० साठी एलजीए १७०० ही बैठक लागते, ५६००जी साठी एएम ४. एएम ४ चे जुने बोर्ड काही वेळा नव्या प्रोसेसरास ओळखीत नाहीत. त्यांतील मूळ आज्ञावली, म्हणजे बायॉस, अद्ययावत करून द्यावी अशी अट दुकानदारास घालावी. बोर्ड साधा चालेल, परंतु त्याच्या पाठीमागील तोंडे मोजून घ्यावीत. शाळेचा प्रोजेक्टर जुना असून त्यास व्हीजीएची निळी तार लागत असेल, तर बोर्डास व्हीजीए व एचडीएमआय ही दोन्ही तोंडे असलेली बरी.

बोर्ड घेतानाच मेमरीचाही निर्णय होतो. एच ६१० या वर्गातील बोर्ड डीडीआर ४ साठी निराळे व डीडीआर ५ साठी निराळे येतात. नाव मात्र जवळजवळ एकच. दोन्ही मेमरी पट्ट्यांस २८८ संपर्कबिंदू असतात, पण मधली खाच वेगळ्या ठिकाणी असते, त्यामुळे एक दुसरीच्या जागी बसत नाही. बळाने बसविण्याचा प्रयत्न केला तर पट्टी व बोर्ड दोन्ही जातात. मेमरी किमान ८ जीबी असावी, १६ जीबी असल्यास संगणक अनेक वर्षे तक्रार करणार नाही. अंतर्भूत ग्राफिक्स याच मेमरीतून आपला वाटा उचलते, म्हणून दोन समान पट्ट्या जोडीने बसविल्यास काम अधिक सुरळीत चालते. परंतु २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव झपाट्याने चढले व अनेक शाळांची अंदाजपत्रके कोलमडली. पैसे अपुरे पडत असतील, तर ८ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरी खाच मोकळी ठेवावी, आणि पुढील वर्षी तशीच दुसरी पट्टी आणावी. हा भाग नंतर सहज वाढविता येतो. पॉवर सप्लायच्या बाबतीत तसे करू जाणे म्हणजे काय, ते मी भोगले आहे. भावांच्या या चढउतारामुळेच मी या लेखात किमती देण्याचे टाळले आहे. एवढेच सांगतो, की पॉवर सप्लाय व यूपीएस या दोहोंवर मिळून एकूण रकमेचा सहावा हिस्सा तरी जावा.

कॅबिनेट दिसावयास कसेही असो. काच व रंगीत दिवे यांचा शाळेस उपयोग नाही. पुढे हवा आत येण्यास जाळी, मागे हवा बाहेर टाकणारा एक पंखा आणि आपल्या भागात अत्यंत आवश्यक म्हणजे पाठीमागील सर्व रिकाम्या फटींवर पत्र्याच्या पट्ट्या असाव्यात. त्या पट्ट्या काढून टाकलेल्या कॅबिनेटात उंदराने घर केल्याचे मी पाहिले आहे. मॉनिटर साधा, १९२० गुणिले १०८० बिंदूंचा असावा. किमतीत फारसा फरक नसेल तर मोठा घ्यावा, म्हणजे चार मुले एकत्र बसून पाहू शकतील.

ज्यांच्याकडे जुना संगणक आहे, त्यांनी तो टाकून देण्याची घाई करू नये. दर वेळी तारीख व वेळ चुकते, एवढ्याच तक्रारीवरून संगणक अडगळीत गेलेले मी पाहिले आहेत. पुष्कळदा मदरबोर्डावरील सीआर २०३२ ही ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी बदलली की काम होते. विंडोज १० ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली आहे. विंडोज ११ साठी अधिकृतपणे ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-योजना आणि इंटेलचा आठव्या पिढीचा वा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१३ सालचा तो आय ७ येथेही अडतो. परंतु अशा संगणकात एसएसडी बसवून त्यावर लिनक्स घातले, तर तो आणखी काही वर्षे नेकीने काम करतो. लिनक्स विनामूल्य आहे, त्यात इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठी लिहिता येते, लिबरऑफिस, जिओजेब्रा व स्क्रॅच ही साधने त्यावर चालतात. भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेने बॉस या नावाने असेच एक लिनक्स तयार केले आहे, आणि केरळात काइट ही सरकारी संस्था तेथील शाळांसाठी लिनक्सचीच आवृत्ती पुरविते. नव्या संगणकासाठीही हा मार्ग खुला आहे व प्रणालीच्या परवान्याचे पैसे त्यामुळे मेमरीकडे वळविता येतात. फक्त आपला प्रिंटर त्यावर चालतो किंवा नाही, हे आधी पाहून घ्यावे.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरून, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून करा किंवा तालुक्याच्या गावी करा. दरपत्रक मागविताना ‘आय ३, ८ जीबी, एसएसडी’ एवढेच लिहू नये. अशा पत्रास तीन दुकानांतून तीन दर येतात व त्यांची तुलना करण्यात अर्थ नसतो, कारण तिन्ही वस्तू भिन्न असतात. प्रत्येक भागाचे कंपनीसह पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरापर्यंत, आपणच लिहून द्यावे; पॉवर सप्लायचेही. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हीच यादी वाचावी. बिल शाळेच्या नावे, वस्तू व सेवा करासह, आणि प्रत्येक भागाचा अनुक्रमांक त्यावर लिहिलेला असा आग्रह धरावा. हमीच्या काळात भाग बदलून घेण्याची वेळ आली, की कच्च्या चिठ्ठीस कोणी विचारीत नाही. खोकी वर्षभर तरी फेकू नयेत.

शक्य असल्यास जुळणी शाळेतच, मुलांसमोर करवून घ्यावी. दुकानातील कारागिरास एक दिवस बोलाविले तर तो बहुधा आनंदाने येतो. काम सुरू करण्यापूर्वी त्याने कॅबिनेटच्या पत्र्यास हात का लावला, हे मुलांना विचारू द्यावे; अंगावरील स्थिर विद्युत निघून जावी म्हणून, हे उत्तर विज्ञानाच्या पाठापेक्षा अधिक लक्षात राहते. एलजीए १७०० च्या बैठकीतील केसासारख्या १७०० पिना भिंगातून दाखवाव्यात, बोट मात्र कोणी लावू नये. मॉनिटरची तार बोर्डाच्या तोंडात घातली, कळ दाबली आणि पडद्यावर अक्षरे उमटली, तो क्षण मुलांचाही असावा.

एवढे झाल्यावर जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद करावयाची राहते. ‘संगणक संच, नग १’ अशी एकच ओळ लिहिण्याची आपली पद्धत आहे. त्याऐवजी प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरी, एसएसडी, पॉवर सप्लाय, कॅबिनेट, मॉनिटर, यूपीएस अशा स्वतंत्र ओळी घालाव्यात व प्रत्येकीपुढे अनुक्रमांक, खरेदीची तारीख आणि हमी संपण्याची तारीख लिहावी. चार वर्षांनी एखादा भाग बदलला तर त्याच ओळीवर शेरा पडेल, आणि आपल्यामागून त्या शाळेत येणाऱ्या शिक्षकास पेटी न उघडताच आत काय आहे ते कळेल.